वावरात काय आलंय?

माझी लेक पुण्यात अकराव्या मजल्यावर राहते. श्रावण सरत आला की तिचा फोन येतो, "आई, यंदा सजावटीला काय वापरू? सगळं नैसर्गिक हवंय." मी तिला दर वर्षी एकच प्रश्न विचारते, "वावरात काय आलंय?" ती वैतागते. "अगं आई, इथं कुठलं वावर?"

तिचं बरोबर आहे. पण आमच्याकडे सजावटीचा विचार सुरूच तिथून व्हायचा. त्या पंधरवड्यात वावरात, धुऱ्यावर, परसात जे हाताला लागेल ते देवापुढं यायचं आणि सण झाला की गुरांपुढं, चुलीत नाहीतर उकिरड्यावर जायचं. पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवायच्या वस्तू म्हणजे महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि पत्र्याच्या दोन कोठ्या, बस्स.

महालक्ष्म्या म्हणजे तुमच्याकडच्या गौरी. मराठवाड्यात आम्ही त्यांना महालक्ष्म्याच म्हणतो. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांचं माहेरपण. माझं माहेर भोकरदन तालुक्यात, राजूरच्या गणपतीपासून फार लांब नाही. तिथं आई आदल्या संध्याकाळी एक टोपलं घेऊन निघायची आणि मी मागं. आघाडा, दुर्वा, तिळाची फुलं, काकडीचा वेल, दोडक्याची पिवळी फुलं, मक्याची कणसासकट ताटं. भाद्रपदात आमच्या भागात मूग-उडीद निघत आलेला असतो, मका दाण्यावर असतो, वेल मांडवावर चढलेले असतात. आईला यादी लिहावी लागायची नाही.

कोठ्यांमध्ये गहू आणि ज्वारी भरायची. त्यात श्रद्धा होतीच, पण मुखवटा डुलू नये म्हणून खाली वजनही लागतं. समोर धान्याच्या राशी, सोळा भाज्यांचं ताट, आणि वर फुलोरा. फुलोरा आमच्याकडची खास गोष्ट: करंज्या, पापड्या, पिठाची वेणी, पिठाची फणी असं तळून दोऱ्यात ओवायचं आणि लाकडी चौकटीला टांगायचं. म्हणजे छताची झालरसुद्धा खायची. आम्ही पोरं तीन दिवस त्या झालरीखालून हलायचो नाही.

आई मक्याची ताटं अंधार पडल्यावर कापायची. मला ते नाटक वाटायचं. मोठेपणी कळलं, दिवसा उन्हात पान पाणी सोडत असतं. तेव्हा कापलेलं ताट घरी येईपर्यंत मलूल होतं, आणि रात्री कापलेलं पाणी धरून असतं. ती ताटं आई ओल्या चिखलाच्या मडक्यात रोवायची, तरी दुसऱ्या दुपारी पानांच्या सुरळ्या व्हायच्याच. मका तेवढाच टिकतो. केळीचा खांब मात्र तीन दिवस हलत नाही, कारण त्याच्या पोटात पाणीच पाणी. आंब्याचं पान जाड, मेणचट. त्यातून ओल हळूहळू जाते, म्हणून तोरण पाच दिवसांनी वाळलं तरी गळत नाही. मोसंबीचं पानही तसंच. कडुलिंब सकाळी लावला की संध्याकाळी मान टाकतो. तो एका दिवसाचा पाहुणा, गुढीपुरता.

ज्यांना घर सजवायचंय त्यांनी एवढं पानांचं गणित ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम होतं. तोरणाला कोवळं तांबूस पान कधी घेऊ नये, ते दुपारपर्यंत चिमतं. गडद हिरवं, जून पान घ्यावं, देठ ठेवावं, आणि ओवण्याआधी तासभर पाण्यात बुडवावं.

मीही एकदा वाट चुकले होते. मुलं लहान होती, नोकरी होती, वेळ नव्हता. बाजारातून थर्माकोलचं मखर आणलं. खांब, कमानी, वर मोर, सगळं पांढरंशुभ्र. ज्येष्ठाच्या संध्याकाळी समई जरा जवळ सरकली आणि डाव्या महालक्ष्मीच्या डोक्यावरची कमान मेणासारखी आत वळली. घरभर असा वास सुटला की पुरणाचा वास मेला. मोर निम्मा उरला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, काहीच बोलल्या नाहीत. नुसतं परसातून केळीचं एक पान आणून त्या वितळलेल्या भागावर बांधलं. ते मखर पुढं दोन वर्षं माळ्यावर उंदरांनी कुरतडलं. २०१८ साली राज्यात प्लास्टिक-थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा मला त्या मोराची आठवण झाली.

आता माझ्या नोकरीविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली, आणि १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. मग एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या. अशाच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. काम उगवण तपासायचं. नमुन्यातून ४०० दाणे मोजायचे, ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आणि ठरल्या दिवशी उलगडून चांगले कोंब किती, वाकडे किती, मेलेले किती ते लिहायचं. मुगाची शेवटची मोजणी सातव्या दिवशी, गव्हाची आठव्या, ज्वारीची दहाव्या, करडईची चौदाव्या. गव्हाचं बियाणं शंभरात ८५ तरी उगवलंच पाहिजे, ज्वारीचं ७५, सोयाबीनचं ७०.

लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात आत्याबाई घट बसवत होत्या आणि मी शेजारी बसून बघत होते. त्यांनी पळसाची पत्रावळ ठेवली. वावरातून आणलेली काळी माती ढेकळं फोडून, खडे वेचून दोन बोटं जाड पसरली. मधे मातीचा घट पाण्यानं भरून ठेवला. भोवती गहू, ज्वारी, मूग, हरभरा, करडई पेरली, वर मातीचा पातळ थर. घटावर नागवेलीची पानं, त्यावर नारळ. मला हसूच आलं. सकाळी जे काम पगारासाठी करून आले होते, तेच घरात देवीपुढं मांडलं होतं. आश्विनाच्या पहिल्या दिवशी दाणा पेरायचा आणि नऊ दिवसांनी बघायचं किती उगवलं. रब्बीची पेरणी तोंडावर असताना! घरात ठेवलेलं बियाणं पुढं वावरात दगा देणार की साथ, हे नऊ दिवसांत कळावं, अशीच ती मांडणी आहे. असं कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण नवमीला आत्याबाई घटापुढं वाकून जे म्हणायच्या तो अहवालच असायचा, "गहू झकास. ज्वारी बरी. करडई हटली."

एका वर्षी मी त्यांना समजावलं, "आत्याबाई, करडई हटलेली नाही. तिला पुरतं उगवायला चौदा दिवस लागतात."

"मग काय," त्या म्हणाल्या, "देवीला आणखी पाच दिवस बसवून ठेवावं का?"

घर सजवण्याच्या साऱ्या प्रकारांत मला घटासारखी सुंदर गोष्ट दुसरी दिसलेली नाही. तिसऱ्या दिवशी माती तडकते. चौथ्या दिवशी मुगाची मान बाहेर येते, वाकलेली, डोक्यावर टरफलाची टोपी. गहू सुईसारखा सरळ. सातव्या दिवशी घट दिसेनासा होतो, सगळीकडं वीतभर पिवळं रान. हो, पिवळं. देवघराच्या कोपऱ्यात उजेड नसतो, आणि पानाला हिरवा रंग धरायला उजेड लागतो. म्हणून कोंब उजेडाच्या शोधात भराभर उंच होतात आणि केशरासारखे पिवळे राहतात. तो रंग बाजारात कुठल्या कागदात मिळायचा नाही.

माझा पहिला घट मात्र सडला होता. आत्याबाई आजारी होत्या, मी हौसेनं तांब्याचा चकचकीत कलश ठेवला आणि रोज सकाळी वाटीभर पाणी घातलं. पाचव्या दिवशी पांढरी बुरशी आणि कुबट वास. प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या बुरशीवर शेरे मारणारी मी, माझ्याच देवघरात नापास. आत्याबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "बाई, मडकं का नाही ठेवलं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मातीचा घट पाझरतो. त्याच्या अंगातून पाणी थेंबाथेंबानं मातीला मिळत राहतं, जेवढं हवं तेवढंच. आपण वरून फक्त हात ओला करून शिंपडायचं. तांब्याचा कलश पाझरत नाही, आणि काळी माती वरून ओतलेलं पाणी सोडत नाही. दाणे गुदमरले. ज्यांची माती फारच चिकण आहे त्यांनी तिच्यात मूठभर वाळू मिसळावी.

घटावर रोज एक माळ चढते. आमच्याकडं पहिली नागवेलीच्या पानांची, मग झेंडूची, आणि मधे कधीतरी तरवडाची. तरवड म्हणजे माळरानावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते उरतं. पूर्वी त्याच्या सालीनं कातडं कमवायचे. हेच तरवड तेलंगणात 'तंगेडू' म्हणून मानानं मिरवतं. ते त्यांचं राज्यफूल आहे, आणि आपलं नवरात्र चालू असतं त्याच सुमारास तिथल्या बाया बतुकम्मा मांडतात. तरवड, कुरडू, झेंडू असे थरावर थर रचून फुलांचा मनोरा करतात, भोवती फेर धरतात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात. आम्ही आणि ते १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो. कुरडू आमच्या वावरात गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी नुसतं माजलेलं असतं. आम्ही त्याला तण म्हणून उपटतो, ते लोक देवीचा मनोरा करतात. मी गेली काही वर्षं उपटलेलं कुरडू फेकत नाही. ते वाळलं तरी तुरा झडत नाही, रंग तेवढा फिका होतो. पितळी तांब्यात दिवाळीपर्यंत राहतं.

दसऱ्याला आपटा. त्याविषयी मला राग आहे. बाजारात गाड्यावर जे ढीगच्या ढीग येतात त्यात पुष्कळदा कांचन असतो. कांचनाचं पान मोठं आणि मऊ. आपट्याचं लहान, जाड, खरबरीत. दोन्हीचे दोन भाग जोडलेले, म्हणून खपून जातं. पण दोन्ही झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि रात्री रस्त्यावर सोनं तुडवलं जातं. आमच्या घरी माणशी एक पान. त्याच्या सोबत घटातलं उगवलेलं धान. पुरुष ते टोपीत खोवतात, बाया केसांत. अंबडला मत्स्योदरी देवीला जाऊन आलेल्या माणसाच्या टोपीतला तो पिवळा तुरा पाहिला की मला अजून मोजावंसं वाटतं, किती कोंब सरळ आहेत.

झेंडूचं म्हणाल तर दसऱ्याच्या सकाळी त्याचा भाव डोक्यावर बसतो आणि संध्याकाळी पायाशी येतो. उरलेला माल शेतकरी रस्त्याच्या कडेला ओतून जातात. आम्ही मैत्रिणी संध्याकाळी फुलं घ्यायचो, दिवाळीच्या रांगोळीसाठी पाकळ्या सावलीत वाळवून ठेवायला. झेंडू टिकतो, कारण आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. शेवंतीचंही तेच. जास्वंद एकटी असते, एका दिवसात मिटते. गंमत म्हणजे हा आपल्या हाडामांसाचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी घरात झेंडूची वेदी सजवतात, त्याच्या वासावर माणसं घरी येतात अशी समजूत. आपली दिवाळीही त्याच दिवसांच्या आगेमागे.

दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. वसुबारसेपासून रोज सकाळी ओल्या शेणाच्या बाहुल्या करायच्या, कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या हातात रवी, प्रत्येकीच्या डोक्यात झेंडूची पाकळी खोचायची. माझी गवळण नेहमी बसकी व्हायची. शेणात बारीक भुसा मिसळला की उभी राहते. शहरात शेण मिळत नाही म्हणून लेक कुंडीतल्या मातीच्या करते. चालतं.

२०१२ च्या दिवाळीला मात्र अंगणात काहीच नव्हतं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणायचा. मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं करवतीनं कापली. नळाला पाणी कित्येक दिवसांनी. नवरात्रात घटावर पाणी शिंपडताना हात आखडायचा, आणि आखडतो म्हणून लाज वाटायची. झेंडू घ्यायची इच्छा कुणालाच नव्हती. धाकटा दीर वावरातून आला तो खांद्यावर दोन पऱ्हाट्या घेऊन, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. गुडघ्याएवढीच वाढलेली, प्रत्येकीला चार-पाच बोंडं फुटलेली. "वेचायला परवडत नाही," म्हणाला आणि ओट्यावर टाकून आत गेला. आत्याबाईंनी त्या उचलल्या, मातीच्या मडक्यात वाळू भरली आणि दाराशी रोवल्या. काळपट काड्या, त्यावर पांढरी शुभ्र बोंडं. खाली पणती. वात त्यातल्याच एका बोंडाची वळलेली. गल्लीतले लोक थांबून बघायचे. दीर मात्र तिकडं बघायचा नाही, आणि मलाही त्याच्यासमोर 'छान दिसतंय' असं म्हणता आलं नाही.

पुढं आमच्या प्रयोगशाळेतल्या ख्रिस्ती मैत्रिणीला मी ते सांगितलं. तिचे पणजोबा बेथेलचे. नारायण शेषाद्रींनी १९ व्या शतकात जालन्याजवळ वसवलेली ती वस्ती. तिच्याकडं नाताळला पूर्वी सुरूची फांदी असायची. तिनं त्या वर्षी बाभळीची वाळकी फांदी आणली आणि प्रत्येक काट्यावर कापसाची चिमटी टोचली. बर्फ जन्मात न पाहिलेल्या गावात असा बर्फ पडला! काट्यांना कापूस चिकटवायला काही लागत नाही, तो आपोआप धरतो. बोटं तेवढी सांभाळायची.

तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा, आवळे. संक्रांतीला सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, उसाची कांडी, गव्हाच्या ओंब्या, म्हणजे पौषातलं अख्खं शिवार मुठीएवढ्या मडक्यात. या दोन सणांचं मी जास्त सांगत नाही, कारण इथं सजावट वेगळी करावीच लागत नाही. आणलं, मांडलं, खाल्लं.

तर लेकीचं वावर. गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, सोसायटीत खाली काय आहे ते बघून ये. ती अर्ध्या तासानं फोनवर: कडेला अशोकाची झाडं, एक जांभूळ, फाटकाशी कण्हेर, मागच्या मोकळ्या प्लॉटवर कसलं तरी गुलाबी तुऱ्यांचं गवत. फोटो पाठवला. कुरडू! पुण्यात, बिल्डरच्या पाटीखाली. अशोकाच्या पानांचं तोरण झालं, जांभळाच्या डहाळ्या महालक्ष्म्यांच्या मागं, दोघींच्या मधे कुरडूचे तुरे. माझ्या पुतण्याच्या बागेत त्या सुमारास मोसंबीची गळ चालू होती. लिंबाएवढी हिरवी फळं झाडाखाली पडतात, कामाची नसतात, वेचून पुरावी लागतात. त्यातली टणक बघून दोन किलो मी तिला धाडली. तिनं ती राशींच्या कडेनं मांडली. तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी मऊ पडली, पण तोवर महालक्ष्म्या गेल्या होत्या.

घटाला मात्र ती अडली. रोपवाटिकेतून आणलेली कुंडीची माती भुसभुशीत, नारळाच्या काथ्याची. पाणी धरते पण दाण्याला अंग देत नाही. शिवाय घट गॅलरीत ठेवलेला. धान हिरवंगार आलं, बोटभरच. जावई खूश, "किती फ्रेश दिसतंय!" लेकीनं हळूच मला फोन केला, "आई, पिवळं का नाही झालं?" मी म्हटलं, उजेड लागला. मग थोडं थांबून ती म्हणाली, "आई, माती पाठवशील?"

यंदा पितृपंधरवड्यात पुतण्यानं वावरातली पाच किलो काळी माती आणून दिली. मी ती चाळली, सुती पिशवीत भरली, सोबत मातीचा घट पेंढ्यात गुंडाळला, पाच धान्यांच्या पाच पुड्या बांधल्या. करडई जरा जास्तच घातली. बसस्थानकावर पार्सलच्या खिडकीत ठेवलं. माणसानं पिशवी उचलून पाहिली, वजन केलं.

"यात काय आहे मावशी?"

"माती."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, पिशवी दाबून पाहिली आणि पावतीवर लिहिलं: घरगुती सामान.